झाकणाच्या आतली चिठ्ठी

बंकट,

तुझ्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तुझा फोटो आकारानं पाचवा आहे. पहिले चौघे जिवंत आहेत. मधोमध आपले संस्थाध्यक्ष, हात जोडून, चेहऱ्यावर निवडून आल्याचं समाधान. शेजारी त्यांचे चिरंजीव. खाली दोन युवा नेते, त्यांतल्या एकानं शोक व्यक्त करतानाही गॉगल काढलेला नाही. आणि कोपऱ्यात तू. तुझ्या नावाआधी 'संगणकमहर्षी' असं छापलंय. बस स्टँडसमोर रिक्षातून तो फ्लेक्स पाहिला आणि तुझा आवाज कानात आला, "मॅडम, महर्षी करायचं व्हतं तर दाढी वाढवायला तरी सांगायचं."

शोकसभा कॉलेजच्या सभागृहात झाली. अध्यक्ष म्हणाले की अंबाजोगाईच्या मातीत संगणकाचं बीज बंकटरावांनी रोवलं आणि त्या बीजाला पाणी घालण्याचं भाग्य आम्हाला लाभलं. हे चालू असताना माईक घूं घूं करत होता. सभागृहातल्या किमान दहा माना सवयीनं मागच्या दाराकडे वळल्या. आता हातात टेस्टर घेऊन तू येशील, अध्यक्षांच्या पायाशी वाकून एक वायर हलवशील आणि कोणाकडेही न बघता निघून जाशील. तू आला नाहीस. घूं घूं शेवटपर्यंत चालू राहिलं. त्या दहा माना वळल्या एवढंच त्या सभेत खरं होतं. दोन मिनिटांचं मौन पाऊण मिनिटात आटोपलं.

मलाही बोलायला उभं केलं होतं. तीन वाक्यं बोलून मी बसले. उरलेलं इथं लिहिते आहे, कारण ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं.

पहिली गोष्ट अशी की तुला मी परीक्षेला बसू दिलं नव्हतं. सभेत हे कोणी सांगितलं नाही, कारण हे तुला आणि मलाच माहीत होतं. मी मराठी शिकवत होते, तू बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतास. कडा भागातलं तुझं गाव, वसतिगृहात राहायचास, शेवटच्या बाकावर बसायचास. दिवाळीच्या सुट्टीला गेलास तो ऊन तापायला लागल्यावरच परत आलास. हजेरीपटावर तुझ्या नावापुढे नुसती फुल्यांची रांग. शाखाप्रमुख म्हणून शेरा मला लिहायचा होता. मी लिहिला: 'अनियमित'. तू माझ्या टेबलासमोर उभा होतास आणि मी विचारलं, "इतके महिने कुठं होतास?"

"गेलतो मॅडम."

"कुठं?"

"कोयत्यावर."

आईबापांबरोबर ऊस तोडायला गेलतो, असा त्याचा अर्थ. अर्थ मला कळत होता. पण नियमाच्या पुस्तकात त्या अर्थाला रकाना नव्हता, आणि त्या काळात नियमाचं पुस्तक मी फार आदरानं वाचत असे. तू भांडला नाहीस. "बरं," म्हणालास आणि गेलास. पदवी राहिली ती राहिलीच.

सात-आठ वर्षांनी कॉलेजनं कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी एक माणूस नेमला, तो तू निघालास. मधल्या काळात तू बाजारातल्या एका छपाईच्या दुकानात मराठी टायपिंग करायला लागला होतास, आणि तिथली मशीन बिघडली की ती उघडून बघता बघता शिकलास. मला पाहून तू नमस्कार केलास. मी काही बोलणार तेवढ्यात आमच्या विभागाच्या प्रिंटरनं कागद गिळला. तू वाकलास, कागद ओढून काढलास आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "मॅडम, हे लई अनियमित चालतंय. बसू द्यायचं का ह्याला परीक्षेला?"

पुढे वीसेक वर्षं तू हा विनोद करत राहिलास. प्रिंटरवर, पंख्यावर, प्राचार्यांच्या गाडीवर. मी दर वेळी हसले. माफी मागण्याऐवजी हसणं किती सोयीचं असतं, हे शिकलेल्या माणसांना चांगलं माहीत असतं.

तुला आठवतं, मराठी विभागाला स्वतंत्र कॉम्प्युटर मिळाला तेव्हाचं उद्घाटन? एक मशीन, आणि तिच्यासाठी मांडव. नारळ मशीनच्याच टेबलावर फोडायचा आग्रह होता. तू नारळ आणि मशीन यांच्या मध्ये उभा राहिलास आणि शर्ट भिजवून घेतलास. त्या मशीनमध्ये तू दोन डिस्क बसवल्या होत्यास. एकीवर जुनी विंडोज, कारण आमचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर फक्त तिच्यावरच चालायचं. दुसरीवर लिनक्स, कारण पुढचं सगळं नव्या पद्धतीच्या मराठीत होणार होतं. मशीन चालू केली की आधी काळ्या पडद्यावर दोन नावं यायची. बाण खालीवर करून निवडायचं.

अध्यक्षांनी बटण दाबलं, दोन नावं पाहिली आणि विचारलं, "हे दोन दोन कावून रे?"

"निवडणूक हाय साहेब," तू म्हणालास. "ज्याला निवडाल ते चालू व्हतंय."

"आन न्हाईच निवडलं तर?"

"तर दहा सेकंद वाट बघतंय, आन जुनंच परत येतंय."

अध्यक्षांना ते इतकं आवडलं की त्यांनी भाषणात सांगितलं. आपल्यावर काय बोललं गेलं ते त्यांना कळलं नाही. तुझ्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मागच्या रांगेत मला खोकला काढावा लागला.

पण मला त्या मशीनचं खरं कौतुक उद्घाटनामुळे वाटलं नाही. ते वाटलं दोन आठवड्यांनी, मशीन बंद पडल्यावर.

प्राचार्यांना वाटलं, एका मशीनला दोन डिस्क ही उधळपट्टी आहे. त्यांनी नवी डिस्क काढवून आपल्या केबिनमधल्या मशीनला लावून घेतली. दुसऱ्या दिवशी आमची मशीन चालू होईना. काळा पडदा, एक ओळ, पुढे उघडझाप करणारी रेघ. जुन्या डिस्कला कुणी हात लावलेला नव्हता, तरी ती उठत नव्हती, आणि विभागाची सगळी कागदपत्रं तिच्यावर. स्टाफरूममध्ये एकमत झालं की प्राचार्यांनी वाट लावली. असं एकमत आमच्या स्टाफरूममध्ये फार क्वचित व्हायचं, म्हणून सगळे खूश होते. तू दारात उभा होतास. तू नुसता गप्प राहिला असतास तरी भागलं असतं.

"प्राचार्यांचं काय चुकलं न्हाई," तू म्हणालास. "चूक माझी हाय."

त्या खोलीत बसून मी तोपर्यंत सतरा वर्षं काढली होती आणि ते वाक्य पहिल्यांदा ऐकत होते.

मग तू मला समजावून सांगितलंस. मशीन चालू झाली की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम उठतो. तो बाकीच्यांना उठवतो. त्याला बूटलोडर म्हणतात. नवी प्रणाली बसवताना तू दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवल्या होत्यास. "मग त्यानं काय केलं मॅडम, राखणदार जुन्या घराच्या दारात बसवला आन किल्ल्या नव्या घरात ठिवल्या. मेनू दिसत व्हता तवर सगळं झकास. नवं घर उचलून नेलं, किल्ल्या बी गेल्या. आता राखणदार दारात बसलाय, आन त्यालाच आत जाता येईना."

दोन दिवस खपून तू जुन्या डिस्कचं दार दुरुस्त केलंस. एक अक्षर गेलं नाही. आणि त्यानंतर तू तो नियम केलास, जो मी तुला आयुष्यभर 'तुझं सोवळं' म्हणून चिडवत आले. एका डिस्कवर काही बसवायचं असेल तर दुसरीची केबल आधी काढून बाजूला ठेवायची. पडद्यावर योग्य डिस्क निवडून भागत असलं तरी. घाई असली तरी. समोर प्राचार्य उभे असले तरी. एकीचं काम पूर्ण झालं, ती एकटीनं उठून दाखवली, की ती काढायची, दुसरी जोडायची. तीही एकटीनं उठली पाहिजे. मगच दोघींना जोडायचं, आणि मेनू करायचा तो फक्त बोट दाखवण्यापुरता: ही जुनी, ही नवी, जा.

"अरे, पण इतकं करायची गरज काय?" मी म्हणायची. "मेनू तर एकच दिसतो."

"मेनू एकच दिसू द्या. पन उठायचं ज्याचं त्याच्यापाशी पाहिजे."

"हे सोवळं झालं बंकट."

"व्हईना. केबल जोडलेली असली की ते विचारत न्हाई मॅडम, लिहून जातंय."

मी निवृत्त झाले तेव्हा ती जुनी मशीन भंगारात निघाली होती. तू रीतसर अर्ज करून ती माझ्यासाठी सोडवून घेतलीस, कारण माझं काम तिच्यात अडकलेलं होतं. जिल्ह्यातल्या बोलीचे शब्द मी गोळा करत होते: शेतीचे, स्वयंपाकाचे, बाजाराचे, लग्नकार्याचे. सुरुवातीची सगळी वर्षं ते जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप झालेले. ते सॉफ्टवेअर ज्या डिस्कवर बसवलंय तिथंच चालायचं. ते विकणारा माणूस कधीच धंदा बंद करून गेला होता. फायली दुसरीकडे नेल्या तर नुसत्या खुणांचा चिखल दिसायचा. म्हणून मार्ग एकच होता. जुन्या डिस्कवर जाऊन वाचायचं, कागदावर छापायचं, मग नव्या डिस्कवर येऊन नव्या मराठीत एकेक शब्द तपासत टाकायचं. तू मशीनला नवी डिस्क घातलीस, नवीला लाल केबल आणि जुनीला काळी, म्हणजे मला ओळखता यावी. मेनूला दहाऐवजी तीस सेकंद दिलेस.

"तीस कशाला?"

"तुमचा चष्मा सापडायला."

शेतीचे शब्द नवीकडे आले. स्वयंपाकाचे आले, बाजाराचे आले, लग्नकार्याचे आले. ते सगळे छापूनही ठेवले. मागे राहिली एकच फाईल. ऊसतोडीचे शब्द. ती फाईल तुझी होती. दुरुस्तीला यायचास आणि काम संपलं की चहा पिता पिता सांगायचास. मोळी, पाचट, वाढं, आणि फड म्हणजे तोडणीचं उसाचं रान. मी टाईप करायची. ती फाईल मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण तिच्यावरून आपलं भांडण मिटलं नव्हतं.

भांडण एका नोंदीचं होतं. मी लिहिलं होतं: 'कोपी: पाहा झोपडी.' बस. तू पडद्यावर वाचलंस आणि चहाचा कप खाली ठेवलास.

"हे काय?"

"कोशात असंच असतं. एका शब्दाचा अर्थ दिला की त्याच्या जवळच्या शब्दाला 'पाहा' लिहायचं. जागा वाचते."

"कोपी म्हंजे झोपडी न्हाई मॅडम."

"साधारण तेच ना?"

"झोपडी जागच्या जागी राहाती. कोपी फडाजवळ बांधायची, आन फड संपला की मोडायची, आन फुडच्या फडावर परत बांधायची. माझी आई कोपीत शिरली की आदी तीन दगडं मांडून चूल घालायची. बाकी सामान मागून. गावाकडच्या चुलीवर तिथं भाकर व्हत न्हाई." मग तू पडद्याकडे बोट केलंस. "तुमी माझ्या कोपीच्या किल्ल्या झोपडीच्या घरात ठिवल्या. उद्या तुमच्या पुस्तकातलं झ चं पान कुणी फाडलं, तर माझी कोपी उठंल का?"

मी कोशरचनेची शिस्त यावर दहा मिनिटं बोलले. फार चांगलं बोलले. तू ऐकून घेतलंस, कप उचललास आणि म्हणालास, "तुमचं बरोबर असंल. पन माझ्या मशीनवर असं काम कुणी केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं."

नोंद मी बदलली नाही. तू येत राहिलास, दर वेळी विचारत राहिलास, "कोपी उठली का?" मी म्हणायची, विचार चालू आहे. विचार चालू नव्हता. शिष्याकडून हरायचं कसं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि तू तर माझ्या हजेरीपटानुसार शिष्यही नव्हतास.

त्यानंतर तुझी छाती दुखली आणि तू गेलास. एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि जे आहे ते तुझ्या बायकोपाशी, सुमनपाशी राहू दे.

तू गेल्यावर विसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी मशीन चालू केली. ऊसतोडीची फाईल आता तरी हातावेगळी करायची, असं ठरवून बसले होते. मेनू आला नाही. काळा पडदा, वर एक ओळ, खाली उघडझाप करणारी रेघ. प्राचार्यांच्या वेळी दिसला होता तसाच. बंद केली, चालू केली. तेच. इतर शब्द कागदावर होते, गेले असते तरी परत टाकता आले असते. ऊसतोडीचे कुठंच नव्हते. आणि ते सांगणारा माणूस आता कुठल्याही फडावरून परत येणार नव्हता.

मी काय केलं सांगू? तुला फोन लावला. बोटांनी लावला, मला कळायच्या आत.

तो उचलला गेला.

"हॅलो, मॅडम ना? मी सुमन बोलतेय."

मी म्हणाले, चुकून लागला. तिनंच सांभाळून घेतलं. "न्हाई, असू द्या. फोन चालूच ठिवलाय मी. रोज सात-आठ जण लावतेत. कुणाला ठाऊक नसतंय, कुणी इसरून लावतंय. मशीन बंद पडली का?"

"हो गं. पण राहू दे, तुला कशाला..."

"झाकण उघडलं का?"

"कसलं झाकण?"

"मशीनचं. बाजूचं. दोन स्क्रू असतेत मागं. ह्यांची सवय हाय, आतल्या बाजूला लिवून ठेवायची. सगळ्यांच्या मशीनला हाय. मी आता समद्यांना तेच सांगते, आदी झाकण उघडा. परवा बँकेतला साहेब म्हणला, वहिनी, तुमच्या मालकांनी आम्हाला आतून शिव्या लिवून ठिवल्यात. म्हणलं, वाचा आन तसं करा. केलं, झाली चालू." आणि ती हसली. वीस दिवसांनी बहुधा पहिल्यांदाच. मग म्हणाली, "तुमाला शिव्या नसतील."

वीस वर्षं ती मशीन माझ्यासमोर होती आणि मी तिचं झाकण कधी उघडलं नव्हतं. आपण कशाला उघडायचं, बंकट आहे. स्क्रू काढायला मला अर्धा तास लागला. आत धूळ होती, लाल केबल होती, काळी केबल होती, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली एक लग्नपत्रिका. नाव वाचलं तर तुझ्या पुतणीची. कोऱ्या बाजूला तुझं अक्षर. तू लग्नासाठी आठ दिवस गावाकडे गेला होतास त्याच्या आधी लिहून ठेवलं असणार.

'मॅडम,
झाकण उघडलंय म्हणजे मी फोन उचलत नाही. घाबरू नका. मशीन आहे, म्हैस नाही. लाथ मारत नाही.
भिंतीतलं बटण बंद करा.
लाल केबल काढा. ती नव्या डिस्कची. ओढायची, घाबरायचं नाही.
काळीला हात लावू नका.
बटण चालू करा. जुनी एकटी उठेल. तिचं तिच्यापाशी आहे.
उठली की चहा घ्या. नवीचं मी आल्यावर बघतो.
बंकट.'

शेवटून दुसऱ्या ओळीपाशी मी थोडा वेळ थांबले. मग तू सांगितलंस तसं केलं. भिंतीतलं बटण बंद. लाल केबल ओढली. सहज निघाली. काळीला हात लावला नाही. बटण चालू.

पडदा काळाच राहिला. आतली जुनी डिस्क खरखरली, थांबली, पुन्हा खरखरली. मेनू आला नाही, यायचाच नव्हता, तो बिघडलेल्या नव्या डिस्कवर होता आणि तिच्याबरोबर गेला होता. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता आणि तरी मला नीट दिसत नव्हतं. आणि मग ती उठली. कुणाला न विचारता. तो जुना निळा पडदा, ते जुनं सूर लावणं, सगळं जागच्या जागी. माझ्या थट्टेला न जुमानता, कुणी बघत नसताना, तू असेपर्यंत कधी आलीच नसती अशा वेळेसाठी, तू या डिस्कला एकटीनं उभं राहायला लावून ठेवलं होतंस. अनेक विद्वान मी जवळून पाहिले, काहींची पुस्तकं पूर्णही वाचली. आपण नसताना आपल्या कामाचं काय होईल याची इतकी काळजी घेणारा मी दुसरा पाहिला नाही. बहुतेकांचा आग्रह उलटा असतो. आपल्याशिवाय काही चालू होऊ नये.

फाईल उघडली. सगळी होती. 'कोपी: पाहा झोपडी' हेही होतं, तसंच.

मी 'पाहा झोपडी' खोडलं आणि लिहिलं: 'कोपी: ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळ बांबू, पाचट व ताडपत्री यांनी उभारायचं राहतं घर. फड संपला की मोडतात आणि पुढच्या फडावर पुन्हा उभारतात. चूल दर वेळी नवी घालतात.' आणि खाली, जिथं शब्द कुणाकडून मिळाला ते लिहायचं असतं, तिथं तुझं नाव. आडनाव, गाव, तालुक्यासह. फोटोला जागा नाही, त्यामुळे आकाराचा प्रश्न येत नाही. मग उरलेल्या फाईलमधले आणखी अकरा 'पाहा' शोधले आणि अकराही काढून टाकले. जागा वाढली. वाढू दे. सगळी फाईल कागदावर छापून घेतली, दोन प्रती. एक सुमनला नेऊन देणार आहे.

सगळ्याच बाबतीत मी हरले असं समजू नकोस. 'वाढं'चा पहिला अर्थ उसाचा शेंडा की जनावरांची वैरण, यावर माझं अजूनही वैरण असंच म्हणणं आहे, आणि तू समोर नसलास तरी मी ते सोडणार नाही. तुझी बाजू मात्र दुसऱ्या अर्थात पूर्ण देईन. एवढं तुझ्याकडून शिकले.

आणि तो शेरा. कॉलेजचे जुने हजेरीपट कुठल्याशा कपाटात असतील किंवा वाळवीनं खाल्ले असतील, मला खोडायला मिळणार नाहीत. म्हणून इथं लिहिते, वेळ टळून गेल्यावर, शिकलेल्या माणसांच्या रीतीप्रमाणे. तू अनियमित नव्हतास, बंकट. तू दोन ठिकाणी नियमित होतास. माझ्याकडे हजेरीपट एकच होता. चूक माझी आहे.

हे वाक्य म्हणायला किती जड आहे ते आता कळलं. तू ते भरल्या स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या म्हणून गेला होतास.

लाल केबल अजून मोकळीच आहे. नवी डिस्क आणायची आहे, आणि बसवणारा जो कोणी येईल त्याला मी आधी काळी केबल काढून बाजूला ठेवायला लावणार आहे. तो म्हणेल, "बाई, त्याची गरज नसते." मी म्हणेन, "माझ्याकडे सोवळं असतं."

झाकण लावायच्या आधी पेन्सिल घेतली. तुझ्या नावाखाली थोडी कोरी जागा उरली होती. तिथं लिहिलं, 'उठली. चहा घेतला.' आणि मग दोन्ही स्क्रू पिळून घट्ट केले.